इंजिनाचा दिवा लागला, आता काय?

दूध घालायला जाणारी गाडी पहाटे सेल्फला लागली नाही, तर त्या दिवशीचं दूध कुणाच्या दारात ओतायचं? वडूज भागातल्या एका तात्यांनी हा प्रश्न जवळजवळ दोन महिने रोज पहाटे चार वाजता स्वतःला विचारला. नाव छापायचं नाही, एवढ्याच अटीवर ते बोलले. त्यांच्याकडे २००३ सालची पेट्रोलवर चालणारी व्हॅन आहे. मागची सीट काढून त्यात आठ कॅन बसतात. दोन वस्त्यांवरचं दूध गोळा करायचं आणि सातच्या आत डेअरीवर पोचवायचं, हा त्यांचा गेल्या कित्येक वर्षांचा क्रम. दूध नासलं तर नुकसान एकट्या तात्यांचं नसतं, चौदा घरांचं असतं.

गाडीचा आजार मोठा विचित्र होता. एखाद्या पहाटे पहिल्या फटक्यात चालू, तर दुसऱ्या दिवशी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. कधी मागून काळा धूर, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज पार खाली. आणि मीटरजवळचा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा, मनाला येईल तेव्हा विझायचा.

पहिल्या गॅरेजात प्लग बदलले. फरक पडला नाही. मग प्लगच्या वायरी, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. बिल गेलं साडेनऊ हजारांवर. शेवटी निदान झालं, "कॉम्प्युटर गेलाय. जुना मिळाला तरी बारा हजार." दिव्याचं काय, असं तात्यांनी विचारलं तेव्हा कारागिराने दिव्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली. दिवा दिसेनासा झाला. आजार तिथेच राहिला.

बारा हजारांची जुळणी करण्यासाठी तात्या एक कालवड विकायला निघाले होते. तेवढ्यात दहिवडी रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गाडी दाखवून बघ, असं मेव्हण्याने सुचवलं. पुढचा प्रकार प्रस्तुत लेखकाने स्वतः पाहिला.

"तात्या, ह्यो दिवा कधीपास्नं लागतोय?" मिस्त्रीने पहिला प्रश्न हा विचारला.

"लई दिवस झालं. मधीच लागतो, मधीच जातो. म्हणून तर पट्टी चिटकवली."

"काढा आधी ती. गाडी बोलतीया, आन् तुम्ही तिच्या तोंडाला फडकं बांधलंय."

चौदा लुकलुकी

मिस्त्रीने वायरिंगमधलं एक छोटं कपलर शोधून काढलं. जवळच्या जुन्या, पानं पिवळी पडलेल्या सर्व्हिस पुस्तकात बोट ठेवून दोन टर्मिनल कोणत्या ते पाहिलं आणि त्या दोहोंना वायरचा लहानसा तुकडा जोडला. मग चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. दिवा लुकलुकू लागला.

"मोजा तात्या."

दिवा एकदा लुकलुकला. थोडा थांबला. मग भराभर चारदा. पुन्हा मोठी विश्रांती, आणि पुन्हा तेच. एक आणि चार. तिसऱ्यांदाही तेच.

"चौदा," तात्या म्हणाले.

पुस्तकातल्या तक्त्यात चौदा आकड्यासमोर लिहिलं होतं : कुलंटच्या तापमानाच्या सेन्सरचं सर्किट. तात्यांना हायसं वाटलं. "मंग बदला की त्यो सेन्सर!"

"थांबा. आकडा सेन्सरचा न्हाय, सेन्सरच्या वाटंचा हाय. वाट कुठं मोडली ते अजून बघायचंय."

हे एक वाक्य या लेखाचं सार आहे. म्हणून जरा सविस्तर पाहू.

कॉम्प्युटरचा चोक

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला थंडीत चोक ओढावा लागे, हे पन्नाशीतल्या वाचकांना आठवत असेल. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, गरम झालं की कमी. इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाडीत हा चोक कॉम्प्युटर ओढतो. आता इंजिन थंड की गरम, हे त्याला कसं कळणार? त्यासाठी इंजिनाच्या पाण्यात, म्हणजे कुलंटमध्ये, एक सेन्सर बुडवलेला असतो. थंडीत त्याचा विद्युत रोध जास्त, गरमीत कमी. साधारण वीस अंशांला दोन-अडीच हजार ओहम आणि ऐंशी अंशांला तीनशेच्या आसपास. कॉम्प्युटर एका वायरीतून पाच व्होल्ट पाठवतो आणि त्यातला किती दाब शिल्लक राहतो त्यावरून तापमान ताडतो.

वायर तुटली, तर कॉम्प्युटरला वाटतं की इंजिन बर्फाहून गार आहे. असा अशक्य आकडा दिसला की तो दिवा लावतो, कोड लिहून ठेवतो आणि ठरावीक तापमान गृहीत धरून गाडी कशीबशी चालवतो. त्यामुळे पहाटेच्या गारठ्यात पुरेसं पेट्रोल मिळत नाही आणि गाडी सेल्फला लागत नाही. पण वायर पुरती तुटलेली नसेल, गंजून अर्धवट धरून राहिली असेल, तर रोध नुसता वाढतो. मग कॉम्प्युटरला इंजिन खरोखरच थंड वाटतं आणि तो विनाकारण चोक ओढून बसतो. काळा धूर आणि घसरलेला अ‍ॅव्हरेज हा त्याचाच परिणाम. तात्यांच्या गाडीत दोन्ही लक्षणं आलटून पालटून दिसत होती. म्हणजे दोष कायमचा नव्हता, हलता होता.

मिस्त्रीने पुढची सीट उचलली, कारण या गाडीचं इंजिन सीटखाली असतं. सेन्सरचं कपलर काढून मीटरने रोध मोजला. बरोबर निघाला. म्हणजे सेन्सर निर्दोष. मग चावी देऊन कपलरच्या दुसऱ्या बाजूला व्होल्ट मोजले. पाच. आणि मग त्याने वायरींचा जुडगा हाताने हळूहळू हलवायला सुरुवात केली. एका जागी येताच काटा पाचावरून शून्यावर आला, पुन्हा पाचावर गेला.

तिथलं वेष्टण सोडलं, तर वायर उंदराने कुरतडलेली. दोन-तीन तारा कशाबशा धरून होत्या, त्यांवर हिरवट गंज चढलेला. तात्यांची गाडी रात्री कडब्याच्या गंजीला लागून उभी असते. उंदराला ऊब गाडीत, खाणं गंजीत!

कुरतडलेला भाग कापून वितभर नवी वायर जोडली, दोन्ही सांध्यांना डाख दिला आणि वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. कोड पुसला, गाडी फिरवून आणली, पुन्हा वायरचा तुकडा लावून वाचन केलं. या वेळी दिवा एकदा आणि दोनदा लुकलुकला. बारा. या गाडीच्या भाषेत बारा म्हणजे "दोष नाही". मजुरीसह बिल झालं तीनशे रुपये. कालवड गोठ्यातच राहिली.

कोणत्या गाडीत काय असतं

तात्यांची ही हकीकत सांगण्याचं कारण असं, की आपल्या भागात रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्याअधिक गाड्या दुसऱ्या, तिसऱ्या हाताच्या असतात. आपल्या गाडीत नेमकी कोणती सोय आहे, हे मालकाला ठाऊक नसतं आणि बऱ्याचदा कारागीरही विचारात घेत नाही.

ढोबळमानाने चार प्रकार करता येतील. पहिला, कार्बोरेटरच्या पेट्रोल गाड्या आणि यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेल जीपगाड्या. यांच्या इंजिनाला कॉम्प्युटरच नाही, म्हणून वाचायला कोडही नाही. तिथे कान, नाक आणि पाना हेच खरे.

दुसरा, सुरुवातीच्या इंजेक्शन गाड्या. सुझुकी इंजिनाच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत तात्यांच्या गाडीसारखा दिवा लुकलुकवून कोड वाचता येतो. टोयोटा, होंडा यांच्याही त्या काळातल्या अनेक गाड्यांत अशीच सोय होती, पण प्रत्येकीची रीत वेगळी. टोयोटात दोष नसेल तर दिवा सारख्या अंतराने लुकलुकतच राहतो, सुझुकीत बारा दाखवतो. म्हणून एका गाडीचा तक्ता दुसरीला लावू नये.

तिसरा, सोळा पिनांचं कपलर असलेल्या पण सर्वमान्य भाषा पूर्ण न बोलणाऱ्या मधल्या काळातल्या गाड्या. यांना बहुधा कंपनीचा किंवा त्या मेकचा स्कॅनरच लागतो.

चौथा, ओबीडी-२ पद्धतीच्या गाड्या. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून सर्व नव्या मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ती २००० - २००१ च्या सुमारास आली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून ओबीडीचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. म्हणजे २०१३ नंतरची मोटार असेल, तर सर्वसाधारण स्कॅनरशी ती बोलते असं धरून चालायला हरकत नाही. त्याआधीची असेल तर लावून पाहावं लागतं.

अक्षर आणि चार आकडे

ओबीडी-२ चा कोड एका अक्षराने सुरू होतो. 'पी' म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, 'सी' म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग वगैरे चॅसीचा भाग, 'बी' म्हणजे बॉडी आणि 'यू' म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या कॉम्प्युटरांचं आपापसातलं बोलणं. त्यापुढचा आकडा बहुधा शून्य किंवा एक असतो. शून्य असेल तर कोड सर्व कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेवरून विभाग कळतो. एक आणि दोन म्हणजे इंधन व हवा, तीन म्हणजे स्पार्क आणि मिसिंग, चार म्हणजे धूर आटोक्यात ठेवणारी साधनं, पाच म्हणजे वेग आणि आयडलिंग, सहा म्हणजे खुद्द कॉम्प्युटर, सात म्हणजे गिअरबॉक्स.

तात्यांची गाडी या पद्धतीची असती, तर चौदाऐवजी 'पी ०११८' असा कोड आला असता. अर्थ तोच : कुलंट सेन्सरच्या सर्किटमध्ये दाब जास्त. 'सर्किटमध्ये' हा शब्द नीट लक्षात ठेवा. सर्किट म्हणजे सेन्सर, कपलर, वायर, अर्थिंग आणि कॉम्प्युटरची पिन, हे सगळं मिळून.

आता नेहमी पैसे खाणारे काही कोड पाहू.

पी ०१७१ : पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. हा आला की ऑक्सिजन सेन्सर बदलण्याची घाई होते. पण सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. फाटलेला रबरी पाइप, सैल क्लिप, तुंबलेला पेट्रोल फिल्टर किंवा थकलेला पंप, यांतलं काहीही कारण असू शकतं. आधी पाइप तपासा, त्याला पैसे पडत नाहीत.

पी ०३०१ : एक नंबर सिलिंडर मिसिंग करतो. शेवटचा आकडा सिलिंडरचा. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉईल असेल, तर एकची कॉईल दोनवर आणि दोनची एकवर लावावी आणि गाडी फिरवावी. कोड ०३०२ झाला तर दोष कॉईलबरोबर गेला, म्हणजे कॉईल खराब. कोड जागीच राहिला तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशनकडे वळावं. या परीक्षेला नवा पार्ट लागत नाही.

पी ०३३५ : क्रँकच्या सेन्सरचं सर्किट. गाडी चालता चालता बंद पडते, थोड्या वेळाने पुन्हा चालू होते. सेन्सर खराब असू शकतो, पण त्याचं तेलाने माखलेलं कपलर किंवा घासलेली वायरही असते.

पी ०४२० : कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम मंदावलं. हा पार्ट महागडा असतो, म्हणून हुकूम देण्याआधी सायलेन्सरच्या पाइपला कुठे गळती आहे का आणि इंजिन ऑइल पितं का, ते पाहावं. मूळ कारण तसंच ठेवून नवा कन्व्हर्टर बसवला, तर तोही जातो.

आणि एकदम सात-आठ कोड निघाले तर घाबरून जाऊ नका. बहुतेक वेळा त्यांच्या मुळाशी एकच कारण असतं : उतरलेली बॅटरी, पांढरं फुलून आलेलं टर्मिनल किंवा सैल अर्थिंग. दाब कमी पडला की कॉम्प्युटरला सगळेच सेन्सर खोटे वाटू लागतात. म्हणून आधी बॅटरी, मग बाकीचं.

वाचायचं कसं

सोळा पिनांचं कपलर बहुधा स्टिअरिंगच्या खाली, पायांच्या वरच्या बाजूला असतं. त्यात लावायचे ब्लूटूथचे छोटे यंत्र हल्ली काही शे रुपयांपासून मिळतात आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून कोड दिसतात. गावातल्या कॉलेजच्या पोरालाही हे दहा मिनिटांत जमतं. मात्र अगदी स्वस्तातली नक्कल काही जुन्या गाड्यांशी बोलतच नाही. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर बिघडला, असा अर्थ काढू नये. काम झालं की यंत्र काढून ठेवावं. कपलरला बॅटरीचा थेट करंट असतो, गाडी आठ-आठ दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

दिव्याच्या लुकलुकीवरून कोड वाचायचा असेल, तर त्या मॉडेलचं सर्व्हिस पुस्तक समोर हवंच. अंदाजाने वायर जोडू नये. चुकून करंटच्या पिनेला अर्थ लागला तर फ्यूज जातो, कधी त्याहून मोठं नुकसान होतं. एअरबॅगच्या वायरींना, त्या बहुधा पिवळ्या कपलरच्या असतात, मीटर किंवा वायर अजिबात लावू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : वाचल्याशिवाय पुसू नका. बॅटरीची वायर काढून पुन्हा लावायची आणि "झाला दिवा बंद" म्हणायचं, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्यामुळे कोड तर जातोच, शिवाय दोष आला त्या क्षणी इंजिनाचा वेग, तापमान, लोड काय होता, याची जी नोंद ओबीडी-२ गाडी ठेवते तीही पुसली जाते. पुढच्या कारागिराच्या हाती काहीच उरत नाही. आधी कागदावर लिहा, शक्य तर फोटो काढा, मगच पुसा. दुरुस्ती बरोबर झाली असेल, तर ओबीडी-२ च्या गाडीत सहसा सलग तीन फेऱ्या दोषाशिवाय झाल्या की दिवा आपण होऊनही विझतो.

दिव्यांतला फरकही ओळखावा. पिवळा दिवा स्थिर लागला, तर गाडी सावकाश घरी किंवा गॅरेजपर्यंत नेता येते. ओबीडी-२ च्या गाडीत चालताना पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर इंजिन जोरात मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरला जाळतंय असं समजावं. वेग कमी करावा, लोड काढावा, शक्य तितक्या लवकर थांबावं. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा मात्र वेगळा. तो लागला की जागीच इंजिन बंद.

जुनी गाडी घेताना

जुनी गाडी बघायला जाल, तेव्हा एक सोपी परीक्षा करा. चावी फिरवा, सेल्फ मारू नका. इंजिनाचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे. गाडी चालू केल्यावर तो विझला पाहिजे. मुळात लागलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढलाय किंवा पट्टी लावलीय. ओबीडी-२ ची गाडी असेल तर स्कॅनर लावून अंतर्गत चाचण्या पूर्ण झाल्यात का तेही बघा. बहुतेक चाचण्या "अपूर्ण" दिसल्या, तर कोड नुकतेच पुसलेले किंवा बॅटरी नुकतीच काढलेली असते. मालकाला कारण विचारा आणि गाडी दहा-वीस किलोमीटर फिरवल्याशिवाय इसार देऊ नका.

गॅरेजवाल्यालाही एक प्रश्न विचारायला संकोच वाटू देऊ नका : "कोड काय आला, आणि पार्ट खराब आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत?" चांगला मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. मीटर लावून दाखवतो. तपासणीचे शे-दोनशे रुपये त्याला आनंदाने द्यावेत. ते पार्टच्या बिलापेक्षा नेहमी स्वस्त पडतात.

तात्यांची गाडी आता कडब्यापासून लांब, गोठ्याच्या उघड्या बाजूला उभी असते. सीटखालचा भाग ते दर रविवारी उचलून बघतात. दुधाच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर त्यांनी तारीख टाकून लिहून ठेवलंय : "१४ - वायर - उंदीर - ३०० रु." खाली बरीच जागा कोरी सोडली आहे. जुनी गाडी आहे, पुन्हा कधीतरी दिवा लागणारच. त्या वेळी पट्टी शोधायची नाही, वही शोधायची, एवढं तात्यांचं ठरलं आहे.